जप्त केलेली वही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थिनीची नोंदवही मी तपासत होतो. पेशींच्या छेदांची मोजमापे, तारखा, रसायनांची प्रमाणे, सारे नेटके लिहिलेले होते. मात्र एका पानाच्या समासात तिने चित्र काढले होते. पेशीतली तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, पोट फुगवून भिंतीला टेकून बसली आहे आणि शेजारच्या सडपातळ तंतुकणिकेला सांगते आहे, ‘काल रात्री पाणी फार झालं.’ मी लाल शाईने शेरा मारला, ‘नोंदवही नोंदींसाठी असते.’ पुढच्या आठवड्यापासून तिचे समास कोरे करकरीत येऊ लागले.

दोनेक महिन्यांनी आमचे निष्कर्ष जुळेनात, तेव्हा मी जुनी पाने चाळली. तिने जे चित्रात टिपले होते तेच खरे दुखणे होते. ऊतकाच्या एका बाजूच्या तंतुकणिका फुगलेल्या होत्या, कारण तिथपर्यंत स्थिरीकरणाचे द्रावण नीट पोचलेच नव्हते. आकड्यांच्या सरासरीत ते बुडून गेले होते, चित्रात मात्र स्पष्ट दिसत होते. तिच्या डोळ्यांनी ते पाहिले होते, हाताने नोंदवले होते, आणि मी ते खोडले होते.

त्यानंतर मला वारंवार एका जपानी माणसाची आठवण होऊ लागली. त्याचीही वही शाळेत शिक्षकांच्या हाती लागली होती. पण तिचे पुढे काय झाले, ही गोष्ट वेगळी आहे. तीच येथे सांगायची आहे.

शिक्षकांच्या खोलीत पोचलेली वही

ओसामू तेझुका यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ रोजी ओसाकाजवळच्या तोयोनाका येथे झाला. बालपण गेले ताकाराझुका या गावी. जपानमध्ये चित्रकथेला ‘मांगा’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या मांगाला जे रूप आले, त्याचा पाया तेझुकांनी घातला असे मानले जाते. आपल्याकडच्या मुलांना ठाऊक असलेला डोरेमॉन त्यांचा नव्हे. पण डोरेमॉनच्या निर्मात्यांचा गुरू कोण, असे विचाराल तर उत्तर तेझुका हेच येईल.

लहानपणी ओसामू अंगाने किरकोळ होता, डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर कुरळ्या केसांचे जंगल. शाळेत मुले त्याला छळत. घरी मात्र चित्रकथांची पुस्तके भरपूर होती. आई ती निरनिराळे आवाज काढून वाचून दाखवी. वडिलांना चित्रपटांचा नाद होता आणि घरी छोटा प्रक्षेपकही होता. तेव्हा पाने वाचणे आणि पडदा पाहणे या दोन्ही गोष्टींचे संस्कार एकाच घरात झाले. ओसामूला चित्रे काढता येतात हे कळल्यावर छळणाऱ्या मुलांचा विरोध हळूहळू मावळला.

प्राथमिक शाळेतले त्याचे शिक्षक होते इनुई हिदेओ. निबंधलेखनाच्या तासाला ते मुलांना मनात येईल ते, हवे तितके लिहू देत. ओसामू पानेच्या पाने लिहून काढी. गोष्ट रचण्याची सवय आपल्याला याच तासांनी लावली, असे त्याने मोठेपणी कृतज्ञतेने सांगितले. पाचवीत असताना त्याने वहीत एक लांबलचक चित्रकथा काढली. ती वर्गातल्या मुलांच्या हातांतून फिरत फिरत शिक्षकांपर्यंत गेली. आता वही जप्त होणार, कानउघाडणी होणार, हे ठरलेलेच. प्रत्यक्षात घडले ते असे की, शिक्षकांच्या खोलीत ती वही एकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि सर्वांनी वाचली. त्यानंतर ओसामूच्या चित्रे काढण्याला शाळेत कोणी हरकत घेतली नाही.

प्रसंग एवढाच. कोणी भाषण केले नाही, बक्षीस दिले नाही. मोठ्या माणसांनी एका मुलाची वही वाचली, इतकेच. १९३९-४० चा तो काळ. चीनशी युद्ध सुरू होते, शाळांमध्ये शिस्तीचा जोर वाढत चालला होता. अशा दिवसांत शिक्षकांनी एका मुलाच्या ‘रिकामटेकड्या’ उद्योगाकडे काणाडोळा करणे, ही वाटते तितकी लहान गोष्ट नव्हती.

किडा नावात शिरला

याच सुमारास एका वर्गमित्राने ओसामूला कीटकांचे रंगीत चित्रांचे पुस्तक दाखवले आणि त्याला दुसरे वेड लागले. ताकाराझुकाच्या टेकड्यांवर दोघे मित्र फुलपाखरे आणि भुंगेरे गोळा करीत हिंडू लागले. जपानी भाषेत जमिनीवर धावणाऱ्या एका भुंगेऱ्याला ‘ओसामुशी’ म्हणतात. आपल्या नावाशी त्याचे साम्य पाहून ओसामूने स्वतःच्या नावाला ‘कीटक’ या अर्थाचे चिन्ह जोडून टाकले. आजही त्यांचे नाव जपानीत त्या किड्यासह लिहितात.

कीटकांची चित्रे त्याने ज्या बारकाईने काढली, ती पाहणाऱ्याला छापील चित्रे वाटावीत. पायावर किती सांधे, शृंगिका कशी वळते, पंखावरचा ठिपका नेमका कुठे, हे पाहिल्याशिवाय असे चित्र निघत नाही. जीवशास्त्राच्या शिक्षकांना हे सांगायला नको. आपण प्रात्यक्षिकाच्या वहीत आकृत्या काढायला लावतो त्या याच कारणासाठी. दुर्दैवाने आपल्या बहुतेक वह्यांमधल्या आकृत्या सूक्ष्मदर्शकातून उतरत नाहीत, त्या पुस्तकातून वहीत उतरतात.

माध्यमिक शाळेत गेल्यावर युद्धाने सगळेच व्यापले. कवायत आणि कारखान्यातली सक्तीची कामे यांतून शाळा अशी उरलीच नाही. कवायतीच्या शिक्षकांना मांगा म्हणजे देशद्रोह वाटे. चित्रकलेचे एक शिक्षक मात्र त्याला पाठीशी घालीत. जून १९४५ मध्ये ओसाकावर बॉम्बवर्षाव झाला, तेव्हा सोळा वर्षांचा ओसामू कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होता. तो वाचला. खाली पाहिले ते त्याला जन्मभर विसरता आले नाही. त्याच्या पुढच्या सर्व कथांत युद्धाविषयी जी चीड दिसते, तिचे मूळ त्या दुपारी आहे.

डॉक्टर की चित्रकार?

युद्धकाळातच ओसामूच्या दोन्ही हातांना बुरशीचा भयंकर संसर्ग झाला होता. हात जातात की काय अशी वेळ आली. डॉक्टरांनी ते वाचवले, आणि त्यातूनच आपण डॉक्टर व्हायचे ठरवले, असे त्यांनी पुढे लिहिले. १९४५ मध्ये ओसाका विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत त्यांना प्रवेश मिळाला. इथे एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ओसाका विद्यापीठ आपले मूळ ओगाता कोआन या वैद्याने १८३८ मध्ये काढलेल्या ‘तेकिजुकू’ या शाळेत शोधते, आणि तेझुकांचे पणजोबा याच तेकिजुकूत डच पद्धतीचे वैद्यक शिकले होते. म्हणजे पणतू नकळत पणजोबांच्याच गुरुकुलात येऊन बसला होता.

पण हा विद्यार्थी व्याख्यान चालू असताना चित्रे काढीत असे. ४ जानेवारी १९४६ पासून मुलांच्या एका वृत्तपत्रात त्यांची चार चौकटींची मालिका सुरू झाली. १९४७ च्या प्रारंभी ‘शिन ताकाराजिमा’, म्हणजे ‘नवे रत्नद्वीप’, हे दोनशे पानांचे पुस्तक निघाले. आपल्या एका प्राध्यापकाने ‘तू डॉक्टर होण्यापेक्षा चित्रकारच हो’ असा सल्ला दिल्याचे तेझुका विनोदाने सांगत. आईला विचारले तर तिने उलट प्रश्न केला, तुला यातले अधिक आवडते काय? मांगा, असे उत्तर मिळताच तिने सांगितले, मग तेच कर. तेझुकांनी १९५२ मध्ये वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण करून परवान्याची पात्रता मिळवली, पण दवाखाना काढला नाही.

‘नवे रत्नद्वीप’चे श्रेय साकाई शिचिमा या ज्येष्ठ चित्रकारासही आहे. कथेची आखणी त्यांची, रेखाटन तेझुकांचे. साकाईंनी त्यांच्या अडीचशे पानांतली साठेक पाने काढून टाकली, काही चेहरेही बदलले. अठरा वर्षांच्या मुलाला हे झोंबले. ती सल इतकी टिकली की, १९८४ मध्ये आपल्या समग्र ग्रंथावलीसाठी तेझुकांनी ते पुस्तक नव्याने काढले. मूळ पुस्तकाची हुबेहूब प्रत वाचकांच्या हाती आली ती २००९ मध्ये, दोघांच्याही पश्चात. मार्गदर्शकाचे ऋण नेहमी गोडच असते असे नाही. साकाईंनी दार उघडले, आणि उघडताना बोटही चेमटले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

गोगलगायीचे शुक्रपेशी

वैद्यक सोडले तरी तेझुकांनी विज्ञान सोडले नाही. मासिकांची कामे चालू असतानाच ते नारा वैद्यकीय विद्यापीठात प्रा. यासुझुमी यांच्या मार्गदर्शनाखाली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर संशोधन करू लागले, आणि १९६१ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. विषय होता गोड्या पाण्यातल्या गोगलगायीच्या असामान्य शुक्रपेशींमधील पटलांची रचना.

‘असामान्य’ या शब्दाने दचकू नये. या गोगलगायींमध्ये नराच्या शरीरात दोन प्रकारचे शुक्राणू नेहमीच तयार होतात. एक प्रकार अंड्याचे फलन करतो. दुसऱ्या प्रकारात केंद्रकद्रव्य अपुरे असते, तो फलन करीत नाही, तरीही शरीर तो मोठ्या संख्येने बनवते. हे द्वैत फोन सीबोल्ड या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने १८३६ मध्येच नोंदवले होते. घडणाऱ्या पेशीत आतले पडदे कसे रचले जातात, हे पाहण्याचे साधन मात्र विसाव्या शतकाच्या मध्यास हाती आले.

हे काम कसे चालते ते थोडे सांगायला हवे, कारण त्याचा चित्रकथेशी संबंध आहे. इलेक्ट्रॉनांचा झोत जाड पदार्थातून पार होत नाही. म्हणून ऊतक राळेत घट्ट बसवून त्याचे अतिशय पातळ काप काढावे लागतात, इतके पातळ की एका मिलिमीटरात दहा हजारांहून अधिक काप बसावेत. प्रत्येक कापाचे छायाचित्र सपाट असते. त्यात एखादी नळी कधी गोल दिसते, कधी लांबट, कधी दोन समांतर रेषांसारखी. एकामागून एक काप पाहून, मधल्या न दिसणाऱ्या भागाची कल्पना करून, आपल्याला मनात ती नळी उभी करावी लागते.

चित्रकथेचा वाचक हेच करतो. पहिल्या चौकटीत मुलगा झाडावर आहे, दुसरीत जमिनीवर पडून पाय धरून रडतो आहे. तो पडताना कोणीच दाखवला नाही, तरी वाचकाने पाहिला. चौकटींमधल्या त्या कोऱ्या पट्टीत घडलेले सगळे वाचकाच्या मनात घडते. तेझुकांच्या मनात या दोन कामांचा असा संबंध जुळला होता असा पुरावा माझ्याजवळ नाही, आणि तसा दावाही मी करीत नाही. परंतु अनेक वर्षे असे काप पाहणाऱ्या मला तो संबंध उघड दिसतो. मोजक्या चित्रांवरून न दिसणारे ओळखणे, हे कौशल्य दोन्हीकडे एकच आहे.

एक खोली, एक टेबल, तीस हजार येन

आता गोष्टीच्या दुसऱ्या पिढीकडे वळू. ताकाओका या गावात फुजिमोतो हिरोशी आणि आबिको मोतोओ हे दोन शाळकरी मित्र राहत होते. ‘नवे रत्नद्वीप’ त्यांच्या हाती पडले आणि दोघे थक्क झाले. पहिल्याच पानांवर नायकाची मोटार भरधाव धक्क्याकडे चालली आहे, चौकटीमागून चौकट, जवळजवळ शब्दांवाचून. कागदावर चित्रपट पाहावा तसे ते होते. त्यांनी तेझुकांना पत्र लिहिले. उत्तर आले! पुढे १९५२ मध्ये शाळा संपल्यावर दोघे आपली चित्रकथा घेऊन ताकाराझुकाला त्यांच्या घरी जाऊन भेटले.

या पिढीची शाळा म्हणजे ‘मांगा शोनेन’ हे मासिक. ते काढणारे कातो केनइची हे मूळचे प्राथमिक शिक्षक, नंतर मुलांच्या एका गाजलेल्या मासिकाचे संपादक. युद्धानंतर अमेरिकी प्रशासनाने त्यांना सार्वजनिक पदांपासून दूर ठेवले, तेव्हा १९४७ च्या अखेरीस त्यांनी घरच्यांच्या मदतीने हे छोटे मासिक सुरू केले. त्यात वाचकांनी पाठवलेल्या चित्रकथा छापत. देशभरच्या खेड्यापाड्यांतली मुले आपले नाव अंकात आले का, हे पाहण्यासाठी महिनाभर वाट बघत. तेझुका याच मासिकात ‘जंगलचा सम्राट’ ही आपली मालिका लिहीत होते आणि मुलांच्या चित्रांवर अभिप्रायही देत. मासिक १९५५ मध्ये बंद पडले, पण तोवर त्याने एक अख्खी पिढी घडवली होती.

तेझुका १९५३ मध्ये टोकियोतल्या ‘तोकिवा-सो’ नावाच्या दुमजली लाकडी चाळीत राहायला आले. साडेचार चटयांची, म्हणजे सुमारे सात चौरस मीटरची खोली. स्वयंपाकघर आणि शौचालय सामाईक, न्हाणीघर नाहीच. आपल्या गिरगाव-परळच्या चाळी आठवाव्यात. १९५४ मध्ये त्यांनी खोली सोडली, तेव्हा फुजिमोतो आणि आबिको टोकियोत एका लहानशा खोलीत दिवस काढीत होते. तेझुकांनी आपली खोली त्यांना दिली. घरमालकाकडे ठेवलेली तीस हजार येनांची अनामत त्यांनी परत घेतली नाही, तीही या दोघांसाठी तशीच ठेवली. खोलीचे भाडे तेव्हा महिन्याला तीन हजार येन होते, यावरून त्या रकमेची कल्पना यावी. आपले टेबलही ते मागे ठेवून गेले. नव्या माणसाला गुरूने दिलेले टेबल मिळाले की काम टाळायला सबब उरत नाही.

तरीही या दोघांनी घोटाळा केलाच. १९५५ च्या नववर्षाला ते गावी गेले, डोक्यावर अनेक मासिकांची कामे होती, आणि घरच्या उबेत एकामागून एक मुदती चुकल्या. संपादकांच्या तारांवर तारा आल्या. बहुतेक कामे हातची गेली. तोंड दाखवायला जागा उरली नाही. अशा वेळी धीर देणारा माणूस त्याच चाळीत होता. त्याचे नाव तेरादा हिरोओ. वयाने थोडा मोठा, सगळ्यांचा ‘तेरा-सान’. पैसे संपले की मुले त्याच्याकडे जात.

आकात्सुका फुजिओ या तरुणाचे काम विकले जात नव्हते, आणि तो हे सगळे सोडून उपाहारगृहात नोकरी धरण्याच्या बेतात होता. तेरादांनी त्याची चित्रकथा वाचली. यात तू पाच कथांचा ऐवज एकाच कथेत कोंबला आहेस, एकेक कल्पना सुटी कर, असे त्यांनी त्याला समजावले. नुसता सल्ला देऊन थांबले नाहीत. तो काही महिने निर्धास्त काम करू शकेल एवढे पैसेही हातावर ठेवले. आकात्सुका पुढे जपानचे आघाडीचे विनोदी चित्रकार झाले. शिक्षकांनी हा सल्ला नीट पाहावा. ‘छान आहे’ किंवा ‘सुधारणा हवी’ असा शेरा त्यात नाही. नेमका दोष सांगितला, आणि दोष म्हणजे श्रीमंतीचाच दुसरा चेहरा आहे हेही त्यातून कळले.

१९५८ मध्ये मिझुनो हिदेको ही तरुणी काही महिने या चाळीत राहिली. त्या घोळक्यातली ती एकटीच मुलगी. मुलींसाठीच्या मांगाला नवे वळण देणाऱ्यांत पुढे तिचे नाव घेतले गेले.

गुरूचा मत्सर

इथवर वाचून तेझुका म्हणजे संत, असे कोणाला वाटेल. तसे ते नव्हते. तरुणांचे यश त्यांना बोचत असे आणि ते लपवणे त्यांना जमत नसे.

इशिनोमोरी शोतारो हा त्यांचा आवडता शिष्य. तो गावी शाळेत शिकत असतानाच तेझुकांनी त्याचे काम हेरले, आणि आपल्या ‘अॅटम’ या यंत्रमानवाच्या मालिकेसाठी तार करून त्याची मदत मागितली. पुढे १९६७ पासून तेझुकांच्याच ‘कॉम’ या मासिकात इशिनोमोरींनी ‘जुन’ ही प्रयोगशील, जवळजवळ निःशब्द मालिका सुरू केली. ती वाचकांना आवडली. तेव्हा तेझुकांनी एका वाचकाला पत्रात लिहिले की, हा मांगाच नव्हे. ते पत्र इशिनोमोरींच्या हाती पडले. ते इतके दुखावले की त्यांनी मालिका थांबवण्याचे ठरवले. यानंतर तेझुका स्वतः शिष्याच्या दारी गेले आणि माफी मागितली. आपण असे का केले हे आपल्यालाच कळत नाही, असे ते बोलल्याचे इशिनोमोरींनी सांगितले आहे. मालिका चालू राहिली, आणि शिष्याच्या मनातला आदरही.

हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. कृतज्ञता म्हणजे गुरूच्या दोषांवर पांघरूण घालणे, असे आपल्याकडे पुष्कळदा समजले जाते. इशिनोमोरींनी ही हकिकत दडवली नाही, आणि ती सांगितल्याने तेझुकांचे त्यांच्यावरचे ऋण तसूभरही कमी झाले नाही.

पोटात राहिलेली सुरी

तेझुकांना याची जाणीव असावी, असे त्यांच्याच एका कथेवरून वाटते. १९७३ मध्ये त्यांची अॅनिमेशन कंपनी बुडाली. जुन्या वळणाचा चित्रकार म्हणून लोक त्यांना विसरू लागले होते. अशा वेळी त्यांनी ‘ब्लॅक जॅक’ ही मालिका सुरू केली. परवाना नसलेल्या एका शल्यविशारदाच्या या कथा. लहानपणी स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेल्या त्याच्या देहाला होन्मा नावाच्या सर्जनने जोडून वाचवलेले असते. म्हणूनच तोही सर्जन होतो.

सुरुवातीच्याच एका कथेत त्याला टपालाने एक विचित्र वस्तू येते. खडूसारख्या कठीण आवरणात बंद असलेली शस्त्रक्रियेची सुरी. ती पाठवणारे होन्मा मृत्युशय्येवर असतात. ते कबूल करतात की, त्या शस्त्रक्रियेच्या वेळी ही सुरी आपण तुझ्या शरीरात विसरलो. चूक लक्षात आली, पण सांगण्याचे धैर्य झाले नाही. सात वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रियेची संधी मिळाली तेव्हा दिसले की, शरीरानेच सुरीभोवती कॅल्शियमचे आवरण चढवून तिला निरुपद्रवी केले आहे. शिंपल्यातल्या मोत्यासारखे.

शरीर परक्या वस्तूभोवती कॅल्शियमचे कवच चढवते हे वैद्यकाला ठाऊक आहे, मात्र सुरीवर इतके साजरे आवरण चढणे ही कथाकाराची सवलत. पण कथेचा गाभा पाहा. गुरू शिष्याला अखेरची भेट देतो ती आपल्या चुकीची. शिष्य हे सर्व ऐकूनही गुरूला वाचवण्यासाठी धडपडतो. जिवाचे दान आणि पोटातली सुरी, दोन्ही एकाच हातून आलेले आहे, हे त्याला मान्य आहे.

ऋण कोणाला फेडायचे?

तेझुका ९ फेब्रुवारी १९८९ रोजी कर्करोगाने वारले. बीथोव्हेनच्या जीवनावरची त्यांची मालिका आणि आणखी काही कथा अर्धवट राहिल्या. तेरादांनी वाढत्या हिंसक चित्रकथांना कंटाळून चित्रे काढणे केव्हाच सोडले होते. मात्र १९८१ मध्ये त्यांनी बंद पडलेल्या ‘मांगा शोनेन’चा इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, जेणेकरून कातोंनी केलेले काम पुसले जाऊ नये. फुजिमोतो आणि आबिको ‘फुजिको फुजिओ’ या एकाच नावाने लिहीत. डोरेमॉन फुजिमोतोंचा, आणि चित्रकार म्हणून घडण्याची आत्मकथा चित्रांतून सांगितली ती आबिकोंनी. तोकिवा-सोची इमारत १९८२ मध्ये पाडली गेली. २०२० मध्ये त्याच भागात ती हुबेहूब पुन्हा उभारून तिचे संग्रहालय करण्यात आले.

आपल्या परंपरेत ऋषिऋण सांगितले आहे. ते ऋषीला परत करता येत नाही. अध्ययन करून, दुसऱ्याला शिकवून ते फिटते. इनुई गुरुजींनी निबंधाच्या तासाला जे दिले ते तेझुका त्यांना कसे परत करणार? त्यांनी ते फुजिमोतो-आबिकोंना खोली, टेबल आणि तीस हजार येनांच्या रूपात दिले. तेरादांनी आकात्सुकांना दिले. हा व्यवहार नेहमी पुढच्या दिशेने चालतो.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे, याची यादी मी देणार नाही. एक सुचवावेसे वाटते. डासाचे जीवनचक्र, पाण्याचा रेणू वाफ होताना, किंवा झाडाच्या मुळातून पानात चढणारे पाणी, असा एखादा विषय सहा चौकटींत काढायला मुलांना सांगून पाहावे. सहाच चौकटी असल्या की काय गाळायचे हे ठरवावे लागते, आणि गाळायचे ठरवायला विषय समजावा लागतो. कुठल्या मुलाला कोषाची अवस्था कळलेली नाही, ते त्या चौकटींत लगेच दिसेल. प्रश्नोत्तरांत ते लपून राहते. आणि गणिताच्या तासाला बाकाखाली एखादी वही सापडली, तर ती परत करण्याआधी एकदा वाचावी. जमल्यास चहाच्या सुटीत शेजारच्या गुरुजींना किंवा बाईंनाही वाचायला द्यावी.

माझ्या त्या विद्यार्थिनीला मी ते जुने पान दाखवले आणि माझी चूक सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतले. ‘सर, मला वाटलं तुम्ही ते पाहिलंच नाही,’ एवढेच ती म्हणाली. तिच्या प्रबंधात स्थिरीकरणातल्या दोषांवर एक स्वतंत्र परिच्छेद आहे. फुगलेल्या तंतुकणिकेचे चित्र प्रबंधात घेता आले नाही. ते आता आमच्या प्रयोगशाळेच्या दारावर लावले आहे, आणि माझा लाल शेरा त्यावर तसाच ठेवला आहे.